बाळंतिणीचा हक्क



१९२८ साली कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणात विसावा व भत्ता देणारे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास पाठिंबा दिला. मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचेच हित आहे, हा त्यांचा युक्तिवाद. १९२९ साली कायदा झाला. मग आज सरकारी दवाखान्याची पायरी चढताना उपकार मागावयास आल्यासारखी आपली मान खाली का? २०११ पासून तेथे बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, वाहन, सारे विनामूल्य आहे. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा.

परंतु माझे खरे सांगणे पुढेच आहे. माय-लेकरू घरी आले की सर्वांना हायसे वाटते. आणि नेमके तेच दिवस घाताचे असतात. म्हणून आशाताईने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन व ताप पाहावयाचा असतो. अशा गृहभेटींनी अर्भके वाचतात, हे गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांकरवी सिद्ध केले आहे.

सासूबाईंनो, ‘सव्वा महिना शिवाशिव नको’ म्हणून तिला दारातून परतवू नका. विटाळाचा जाच आपणांइतका कोणी सोसला? तोच आपण बाळंतिणीच्या खोलीत जपावा काय! बाळ पिईना, गार पडले, भरभर श्वास घेऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता वाहन बोलवा.

आणि आशाताईने आपलीच वस्ती वगळली, तर चुकलेले दिवस मांडून आरोग्यकेंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी जाब विचारा.