जेवणानंतरचं सत्र आम्हाला नको

मंगळवार पेठेतील रसिकहो आणि डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

संमेलनाचं अध्यक्षपद एकदाच मिळतं, म्हणून आज भीडभाड ठेवणार नाही. डॉक्टरने कादंबरी लिहिली तरी त्याला जेवणानंतरचं सत्र द्यायचं आणि विषय ठेवायचा 'पावसाळ्यातील आजार', हा वर्षानुवर्षांचा अपमान मी विसरलेलो नाही.

पत्रिका आखणाऱ्यांनो, मराठी रंगभूमीतून डॉक्टर वजा करून दाखवा! डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला आणि १९७०मध्ये 'नटसम्राट' उभा केला. दौंडला मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या जब्बार पटेलांनी १९७२मध्ये 'घाशीराम कोतवाल' बसवलं. त्यात नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. लेखक अनिल अवचटही तिथलेच.

आमच्याच व्यवसायातले काही जण म्हणतात, नाटकवाल्याच्या हाती पेशंट सोपवू नये. हेच महाशय औषध कंपन्यांच्या मेजवान्यांना बरोबर वेळ काढतात.

मी इंटर्न होतो तेव्हा एप्रनच्या खिशात एकांकिकेची संहिता असायची, कडेला जेन्शन व्हायोलेटचा जांभळा डाग पडलेली. राउंडला वरिष्ठांनी ती सगळ्यांदेखत कचऱ्याच्या बादलीत टाकली. रात्रपाळीत मी ती उचलली आणि पाठ केली. संवादातला विराम शिकलो, म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी दुखणं सांगता सांगता सुनेकडे बघून गप्प का होते, ते मला उमगलं. त्या वरिष्ठांना ते अखेरपर्यंत दिसलं नाही.

ही पेठ तालमींची आहे, खासबागचं कुस्तीचं मैदान हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून मैदानाचंही बोलतो. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, आपल्या शिवाजी विद्यापीठाचे कबड्डीपटू, भारताकडून बांगलादेशाविरुद्ध खेळलेले, शिवछत्रपती पुरस्काराचे मानकरी. साताऱ्यात त्यांनी दवाखाना चालवला, मग अंधश्रद्धेविरुद्ध उभे राहिले, 'साधना'चं संपादन केलं. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला, तोवर मागे हटले नाहीत. समोरच्या फळीत एकट्याने घुसायची सवय मैदानात लागते. ते मैदान आज आपण मुलांकडून काढून घेतोय. नीटच्या क्लासपासून पीजीच्या परीक्षेपर्यंत त्यांना पुस्तकाबाहेर डोकं काढू देत नाही आणि वर तक्रार करतो की, नवे डॉक्टर पेशंटशी बोलत नाहीत!

म्हणून दोन मागण्या ठरावात घ्या. प्रत्येक मेडिकल कॉलेजात नाटकाला जागा आणि खेळाला मैदान राखून ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टरच्या पुस्तकावर सकाळच्या मुख्य सत्रात चर्चा करा, समीक्षकांनी पुस्तक वाचून यावं. सूचक मी आहे. विरोध असेल त्यांनी आत्ता, इथे उभं राहून बोलावं. उद्या मिरजकर तिकटीवर चहा पिताना नको.