फटाके, पालखी आणि खळ्यातला कुत्रा

आज मालवणची दिवाळी, पण कुत्र्याच्या कानाने. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्याला ४५,०००च्या आसपास. सुतळी बॉम्ब फुटला की त्याला फक्त पळायचं असतं, आणि नेमका तेव्हाच तो खळ्यात साखळीला बांधलेला असतो. हिसके देऊन गळा सोलवटतो, नाहीतर पट्टा तुटून तो थेट रस्त्यावर.

म्हणून त्याला माजघरात घ्या. आमची आजी म्हणते, "कुत्रो माजघरात? काय सांगतंस काय!" पण घेऊ देते. खिडक्या बंद, पंखा नि टीव्ही चालू. खाटेखाली शिरला तर ओढू नका. जवळ आला तर खुशाल कुरवाळा. लाडाने भीती वाढते हे खोटं.

आपल्याकडे नरकासुर पहाटे जळतो, म्हणजे आदल्या रात्रीच आत घ्यायचं. पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी, त्या दिवशी उजेडातच फिरवून आणा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या, पॅरासिटामॉल अजिबात नको. औषध लागेलसं वाटलं तर जनावरांच्या डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारा. आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहा. तुळशीची लग्नं होईपर्यंत तो पट्टा काढू नका, फटाके तोवर चालूच असतात.