पाण्याखालचे जुने यंत्र



कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने समुद्रात बुडी मारण्याच्या छंदावर बोलावे, आणि तेही साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या साधनांबद्दल, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माणूस आणि यंत्र यांचे नाते हा माझा रोजचा विषय आहे. त्या नात्याविषयी या छंदापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

तारकर्लीला बुडी मारून आलेली मंडळी या सभेत असतीलच. आजचा स्कूबा पाणबुड्या पाठीवर हवेचे नळकांडे घेतो. नळकांड्यात हवा किती उरली ते काटा दाखवतो. हवा भरता-सोडता येणारे जाकीट त्याला हव्या त्या खोलीवर तोलून धरते. मनगटावरचा संगणक खोली आणि वेळ मोजतो. युरोप-अमेरिकेत मात्र काही हौशी लोक १९५०-६० च्या सुमाराची दोन नळ्यांची यंत्रे शोधून काढतात, ती स्वतः दुरुस्त करतात आणि त्यांनिशी पाण्यात उतरतात. बुडीचा इतिहास जतन करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९९० साली हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटी स्थापन झाली. १९९२ साली अमेरिकेतही तशीच संस्था निघाली. या लोकांना जुन्याची एवढी ओढ का?

त्यासाठी या यंत्राचा जन्म पाहू. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. आपल्याकडेही त्या काळात कोळशाच्या गॅसवर गाड्या धावल्या. इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणाऱ्या झडपेवर एमिल गान्यां नावाचा इंजिनिअर काम करीत होता. नौदलातील अधिकारी झाक कुस्तो त्याला भेटला आणि इंजिनाच्या जागी माणसाची छाती आली! १९४३ च्या आरंभी मार्न नदीत पहिली चाचणी झाली. यंत्र आडवे असता ठीक चाले; पण उभे राहिले की हवा भसाभसा वाहून जाई, आणि डोके खाली केले की श्वास ओढता येईना. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि हवा सोडणारा पडदा वेगवेगळ्या खोलीवर येत, हे त्याचे कारण. दोन्ही शेजारी-शेजारी आणले आणि दोष गेला. म्हणूनच नळ्या दोन : एक ताजी हवा तोंडाशी आणते, दुसरी उच्छ्वास पाठीमागे नेते.

मानेमागच्या त्या गोल डबीत एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूस समुद्राचे पाणी, दुसऱ्या बाजूस हवा. आपण श्वास ओढला की पडदा आत दबतो, तरफ हलते, झडप उघडते. उच्छ्वास सोडण्यास बदकाच्या चोचीसारखी साधी रबरी झडप. कोणताही फिटर एका बैठकीत हे समजून घेईल. ओढीचे पहिले कारण हेच. ज्या वस्तूवर आपला प्राण अवलंबून आहे, तिच्या आत काय चालते हे आपणांस ठाऊक असते.

दुसरे कारण शांततेचे. आजच्या एक नळीच्या यंत्रात बुडबुडे तोंडाजवळून, कानांवरून खळखळत वर जातात. जुन्यात ते डोक्यामागे सुटतात. समोरचे पाणी मोकळे राहते. मासाही जवळ येतो, छायाचित्रही चांगले निघते.

तिसरे कारण हुन्नराचे. पोटावर पोहताना पडदा छातीच्या वर असतो, तेव्हा श्वास किंचित जड लागतो. उताणे झाले की हवा आपोआप येते. नळीत पाणी शिरले तर डाव्या कुशीवर वळून ते उच्छ्वासाच्या नळीत जाऊ द्यायचे. जाकीट नाही, म्हणून कमरेचे शिसे नेमके तोलून घ्यायचे आणि पुढे छातीतल्या हवेने सांभाळायचे. मात्र वर येताना श्वास कधीही कोंडायचा नाही, नाहीतर फुप्फुस फाटते. जे काम आज काटे करतात, ते येथे अंगाला शिकावे लागते.

इथवर मी कौतुक केले. आता दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. जुन्या नळकांड्यांना बहुधा काटा नसे. हवा संपत आली की श्वास जड होई. मग एक सळई खाली ओढून राखीव हवा मोकळी करायची. ती सळई नकळत आधीच ओढली गेली असेल तर राखीव हवाही संपून जाई! काटा आला तो चैनीसाठी आला नाही. आज शहाणे हौशी जुन्या यंत्रात नवे रबर घालतात, काटा जोडतात आणि सोबत्यावाचून उतरत नाहीत.

शिवाय हौस आणि मजुरी यांत अंतर आहे. १८३७ मध्ये ऑगस्टस सीबेने बंद शिरस्त्राणाचा पोशाख बनवला. त्यात पोटासाठी उतरणाऱ्या माणसाचा श्वास वर पंप फिरवणाऱ्या मजुरांच्या हाती असे. वर येण्याचे सुरक्षित टप्पे हॉल्डेनने १९०८ साली मांडले, तोवर किती सांधे आणि किती संसार मोडले असतील! हौशी माणूस जुने यंत्र केव्हाही उतरवून ठेवू शकतो. पोटासाठी उतरणाऱ्याला ती मोकळीक नव्हती. जुन्या साच्याचे गुण गाऊन नव्या सुरक्षेचा खर्च टाळणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या हाती हा युक्तिवाद जाऊ नये.

तेव्हा या छंदातून घ्यायचे ते एवढेच : यंत्र नवे असो वा जुने, ते उघडून पाहण्याचा आणि समजून घेण्याचा अधिकार ते चालवणाऱ्याला हवा. नवा काटा अवश्य घ्यावा. पण काट्यामागे काय फिरते, हे विचारण्याची सवय सोडू नये.