स्थानदर्शक यंत्राचें सैल झालेलें रबर

डोंगरांत भटकणाऱ्या मंडळींच्या हातीं हल्लीं जें लहानसें स्थानदर्शक यंत्र दिसतें, व ज्यास सर्वजण जी. पी. एस. या आद्याक्षरांनींच ओळखतात, त्याच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या दुखण्याविषयीं मी आज बोलणार आहें. हें दुखणें म्हणजे यंत्राच्या कडेभोवतीं बसविलेली रबराची पट्टी सैल होणें. प्रथम एखाद्या कोपऱ्यापाशीं ती किंचित् उचलली जाते. मग तेथें नखाला चाळा लागतो. आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत ती ढिल्या कमरपट्ट्यासारखी लोंबूं लागते. यंत्र तर चालतच असतें, म्हणून मालक तिकडे काणाडोळा करतो. नुकसान होतें तें नेमकें येथें.

खिशांतल्या मोबाइलमध्यें हीच सोय असतां हें वेगळें यंत्र बाळगावेंच कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सह्याद्रीचा पाऊसच देतो. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा धड दाद देत नाहीं, आणि त्याची विद्युत् संपली कीं ती डोंगरावर भरून मिळण्याचा संभव नसतो. या यंत्रास मात्र ठसठशीत बटणें असतात, आणि अनेक नमुन्यांत वाण्याच्या दुकानांतही मिळणारे साधे दोन सेल घातले म्हणजे झालें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकीं निदान चारांचे संदेश पकडून तें आपली जागा ठरवितें. नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत अमेरिकन सरकार पूर्वीं मुद्दाम कांहीं चूक मिसळीत असे. मे २००० मध्यें तें बंद झालें, आणि तेव्हांपासून हें यंत्र पायवाटेवरही भरंवशाचें झालें. आषाढांत हरिश्चंद्रगडावर धुकें उतरलें म्हणजे दहा पावलांवरचा सोबती दिसत नाहीं, आणि कोंकणकड्याची धार कोठें आहे हें पायांना कळण्यापूर्वीं डोक्यास कळावें लागतें. अशा वेळीं यंत्राच्या पोटांत पाणी शिरून पडदा काळा पडला तर त्या रबरी पट्टीचें मोल ध्यानांत येतें.

ही पट्टी हात निसटूं नये म्हणून लावलेली असते अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. यंत्राचें कवच दोन अर्ध्या भागांचें असतें, आणि ते जेथें जुळतात तो सांधा पुष्कळ नमुन्यांत बरोबर या पट्टीखालीं येतो. शिवाय कडेचीं बटणें म्हणजे वेगळ्या वस्तु नसून त्या पट्टीलाच आलेले उंचवटे असतात. आपण रबर दाबतों व रबर आंतली कळ दाबतें. पट्टी दोन केस जरी सरकली तरी उंचवटा कळीवर येत नाहीं, आणि दोष मात्र विजेच्या भागाचा समजला जातो. यंत्रावर ‘आय. पी. एक्स. ७’ अशी जी खूण असते तिचा अर्थ एवढाच, कीं एक मीटर खोल पाण्यांत तें अर्धा तास राहिलें तरी आंत अपाय होण्याइतकें पाणी जाऊं नये. ही हमी कोऱ्या यंत्राची आहे. पट्टी सुटलेल्या यंत्रावरही ती खूण तशीच ठळक असते, हें तिचें वैगुण्य.

आतां पट्टी सुटते कां? ती कवचाला चिकटविलेली असते ती बहुधा दोन्ही अंगांनीं चिकट अशा अत्यंत पातळ फितीनें. हा चिकटपणा कधींच दगडासारखा सुकत नाहीं. तो जन्मभर मऊ असतो, आणि मऊ असल्यामुळें उष्णतेनें पाझरतो. वैशाखांत बंद मोटारीच्या कांचेमागें ठेवलेलें यंत्र एका दुपारींत जेवढें बिघडतें तेवढें चार सहलींत बिघडत नाहीं. परंतु उष्णतेहून मोठा शत्रु आपल्या हातांत असतो, आणि तो म्हणजे तेल. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ मध्यें गंधकाबरोबर रबर तापवून त्यास टिकाऊपणा आणला खरा, पण तेलापुढें कित्येक प्रकारचीं रबरें आजही दुबळींच आहेत: तीं तेल पितात आणि फुगतात. केसांचें तेल, तळहाताचा घाम, उन्हापासून त्वचेस जपणारीं मलमें, हीं सर्व रोज थोडीं थोडीं पट्टींत मुरतात. त्यांतही डांसांसाठीं अंगास लावण्याच्या औषधांत डीट नांवाचें जें द्रव्य पुष्कळदां असतें, व जें अमेरिकन सैन्यानें १९४६ पासून वापरांत आणलें, तें तर कित्येक प्लॅस्टिकें चक्क विरघळवितें. तें औषध चोपडून हात न धुतां यंत्र धरणें म्हणजे त्याला हळूहळू विष घालणेंच होय. फुगलेली पट्टी लांबीनें वाढते, वाढलेली लांबी कोठें तरी बाहेर पडूं पाहते, आणि तीच आपल्याला कोपऱ्यावरची फुगवटी म्हणून दिसते.

हें कारण कळलें म्हणजे घरोघर होणारा पहिला उपाय किती चुकीचा आहे तें कळेल. तो उपाय म्हणजे क्षणांत चिकटणाऱ्या डिंकाचा थेंब. हा डिंक वाळल्यावर कांचेसारखा ठिसूळ होतो; रबर वांकतें, डिंक वांकत नाहीं, आणि आठवड्याभरांत जोड तडकतो. त्याची वाफ शेजारच्या पडद्यावर बसून पांढुरका थर धरते तो निराळाच. दुसरा उपाय खिडक्यांच्या फटी बुजविण्याच्या सिलिकोनचा. ज्यास आंबलेल्या शिरक्यासारखा वास येतो त्या जातीच्या सिलिकोनमधून सुकतांना आम्ल सुटतें व तें आंतल्या तांब्यास खातें. सायकलच्या पंक्चरवाल्याकडचें सोल्युशन रबरास रबर उत्तम सांधतें, पण येथें एका अंगास रबर व दुसऱ्या अंगास प्लॅस्टिक आहे, आणि त्यांतील पेट्रोलच्या जातीच्या द्रवानें आधींच फुगलेली पट्टी आणखी फुगते.

तरीही पंक्चरवाल्याच्या कामाची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. तो आधीं घासतो, पुसतो, वाट पाहतो, आणि मग दाबतो. घाईनें चिकटवीत नाहीं. आपणही सेल काढून ठेवून पट्टी एका कोपऱ्यापासून सावकाश सोलून घ्यावी. जेथें ती घट्ट असेल तेथें केस वाळविण्याच्या यंत्राची कोमट हवा दुरून द्यावी. चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर आंत घालूं नये, कारण सांध्यावर पडलेला एक ओरखडा म्हणजे पाण्याला कायमची वाट. जुना चिकटा लांकडी काडीनें वा नखानें वळवून काढावा. राहिलेला अंश औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर फडक्यानें पुसावा. नखांवरचा रंग उतरविण्यास वापरतात तें अॅसिटोन येथें नको. त्यानें कवचाचें प्लॅस्टिक मऊ होऊन त्यास बारीक भेगा पडतात. घासलेट व खोबरेल यांची गोष्टच काढूं नये, मग त्यांनीं चिकटा कितीही सुरेख निघत असो.

सुटलेली पट्टी साबणाच्या कोमट पाण्यांत हलक्या हातानें धुऊन दोन-चार दिवस सावलींत पडूं द्यावी. प्यालेलें तेल थोडेंबहुत बाहेर येतें व पट्टी पुष्कळदां आपण होऊन आंखडते. हे चार दिवस कोणासच काढवत नाहींत, आणि मग वाढलेला तुकडा कात्रीनें कापण्याचा मोह होतो. तो आवरावा. कापलेल्या जागीं पाण्याला दार मिळतें, आणि उद्यां रबर आणखी आंखडलें कीं तें दार रुंदावतें. बाहीचा घेर मुंढ्याहून थोडा मोठा असला तर शिवणारी गृहिणी काय करते? ती जादा कापड एका जागीं चुणी घालून संपवीत नाहीं. चार ठिकाणीं टांचण्या लावून तें सगळ्या गोलाईंत जिरवते. येथेंही तेंच करावें. प्रथम बटणांचे उंचवटे कळींवर बरोबर बसवावे, कारण त्यांची जागा बदलतां येत नाहीं. मग चारी बाजूंचे मध्य. आणि उरलेला सैलपणा मधल्या भागांत वांटून द्यावा.

चिकटविण्यास काय घ्यावें याविषयीं जाणत्यांत दोन मतें आहेत. पातळ दुहेरी फीत मूळच्या रचनेस जवळची आहे, आणि पुढें पुन्हां उघडण्याची वेळ आली तर सुखानें सुटते. पण ती बोटभर रुंदीच्या वांकड्या कडेवर नीट कापून बसविणें हें सोनाराच्या धीराचें काम आहे. दुसरा मार्ग मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडचा. त्याच्यापाशीं बी-७००० या नांवाच्या पारदर्शक डिंकाची सुईसारख्या तोंडाची नळी असते. हा डिंक सुकल्यावरही लवचिक राहतो, हा त्याचा मोठा गुण, आणि माझा कौल त्यालाच आहे. आंतल्या बाजूस दिसणार नाहीं अशा ठिकाणीं एक ठिपका लावून प्लॅस्टिकवर परिणाम होत नाहीं ना तें आधीं पाहावें. मग बारीक धार सोडून, कांहीं मिनिटें थांबून, पट्टी दाबावी. उंचवट्यांच्या मागें डिंक अजिबात जाऊं देऊं नये, नाहींतर बटण दाबलें जाणार नाहीं किंवा दाबलेलें सुटणार नाहीं. जुन्या सायकलच्या ट्यूबचीं वळीं कापून तीं यंत्राभोवतीं ताणून चढवावीं व दोन दिवस तसेंच ठेवावें. लोहचुंबक लावलेल्या चिमट्यांनीं तें दाबूं नये. पुष्कळ यंत्रांत होकायंत्राचा संवेदक असतो.

एका बारीक भोंकाविषयीं मात्र विशेष बजावून सांगितलें पाहिजे. कांहीं यंत्रांत हवेच्या दाबावरून उंची सांगणारा भाग असतो, आणि त्यास बाहेरच्या हवेशीं जोडणारें टांचणीच्या अग्राएवढें छिद्र कवचाच्या पाठीवर वा कडेस असतें. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढलें कीं हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनें उतरतो. एवढ्या अल्प फरकावर सारा हिशेब चालतो. मोठ्या आस्थेनें केलेल्या दुरुस्तींत तें छिद्र डिंकानें बुजलें तर यंत्र बंद पडत नाहीं. तें शांतपणें खोटी उंची सांगत राहतें. बंद पडलेलें यंत्र मनुष्यास निदान सावध तरी करतें. म्हणून डिंकाची नळी उघडण्यापूर्वीं भिंगानें तें छिद्र शोधावें व त्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा. काम संपल्यावर तो काढण्यास विसरूं नये.

कधीं कधीं पट्टी सुटलेली नसून स्वतःच चिकट, राळेसारखी झालेली असते. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत मऊ मुलायम लेप दिलेल्या वस्तूंना हा रोग फार जडतो, आणि त्यावर औषध नाहीं. तो लेप अल्कोहोलनें समूळ पुसून टाकावा, आणि पट्टीच तशी झाली असल्यास रुंद ट्यूबचें वळें चढवून यंत्र कोरड्या ऋतूपुरतें वापरावें.

कारखानदारांनीं ही पट्टी सुटा भाग म्हणून विकली असती तर हें भाषण करण्याचें कारणच पडलें नसतें. हजारों रुपयांचें यंत्र टाकून द्यावें आणि दोन बोटें रुंदीचें रबर मिळूं नये, हा व्यवहार मला समजत नाहीं. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें तें चांगलें केलें; परंतु त्या यादींत आपल्या यंत्राची पट्टी सांपडेपर्यंत नळी व ट्यूब हींच आपलीं साधनें.

घरीं दुरुस्त केलेलें यंत्र पाण्यांत बुडवून त्याची परीक्षा पाहूं नये. त्यापेक्षां तें पाणभीरु आहे असें धरून चालावें, व पावसांत जाड पारदर्शक पिशवींत तोंड बांधून न्यावें; उपग्रहांचे संदेश प्लॅस्टिकमधून विनाअडथळा येतात आणि बटणेंही पिशवीवरून दाबतां येतात. परत आल्यावर पिशवी उघडी टाकावी, यंत्र नुसत्या ओलसर फडक्यानें पुसावें, आणि दिवाळीनंतर सहली थांबणार असतील तर सेल काढून ठेवावे. कपाटांत मात्र डांबराच्या गोळ्यांच्या शेजारीं नको. त्यांच्या वाफेनेंही कांहीं प्लॅस्टिकें मऊ पडतात.