कोठार आणि वखार



कुसगावच्या माळावर उभे राहिले की वाहनांचा अखंड ओघ कानी येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच जातो आणि खोपोलीहून निघणारा नवा जोडमार्गही कुसगावलाच येऊन मिळण्यासाठी आखला गेला. ही वाट मात्र आजची नव्हे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल घाट चढून देशावर येई, त्या काळापासून ती वाहते आहे. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, असे तेथील शिलालेख सांगतो. श्रेष्ठी म्हणजे व्यापारी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी डोंगरात असे शिल्प उभे केले, त्यांचा माल या वाटेवर कोठे तरी उतरत असणार, कोठे तरी राखला जात असणार. त्या जागांचे नावही आज उरलेले नाही. लेणे राहिले, कोठार गेले.

जुन्या शहरांतील गोदामे आणि वखारी यांना वारसा का म्हणावे, या प्रश्नाचा विचार येथपासून सुरू करणे योग्य ठरेल.

मराठी भाषेत साठवणीच्या शब्दांना तोटा नाही. घरात कणगी, भिंतीत बळद, जमिनीखाली पेव, गडावर अंबरखाना, बंदरावर वखार. एखाद्या गोष्टीला 'पेव फुटले' असे आपण सहज बोलून जातो. पण धान्याचे पेव प्रत्यक्ष पाहिलेले किती जण आज सापडतील? शब्द जिवंत आहे, वास्तू विस्मृतीत गेली आहे.

लोहगड येथून दूर नाही. त्यावरील लक्ष्मीकोठी ही खडकात कोरलेली दालने. सुरतेच्या स्वारीतील संपत्ती याच गडावर आणली गेली, असे सांगितले जाते. पुढे नाना फडणीसांनीही लोहगडाचा आश्रयस्थान म्हणून विचार केला आणि गडावर बांधकामे केली. जुलै 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत समाविष्ट झाले. त्यांत लोहगड आहे आणि पन्हाळाही आहे. म्हणजे तटबुरुजांबरोबर लक्ष्मीकोठी आणि पन्हाळ्याचा अंबरखाना यांनाही जगाची मान्यता मिळाली. गडावर जाणारी मंडळी मात्र दरवाजापाशी छायाचित्रे काढतात आणि कोठीच्या अंधारात क्षणभर डोकावून परततात.

पन्हाळ्याचा अंबरखाना अवश्य सावकाश पाहावा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्याच्या तीन कोठ्यांची नावे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. बाहेरच्या जिन्याने छतावर जावे आणि घुमटाकार छतातील झरोक्यांतून धान्य आत ओतावे, अशी ती रचना. भिंती जाड, आतील हवा कोरडी. धान्यकोठारांना नद्यांची नावे देणाऱ्यांना अन्नाचे मोल कळत होते, एवढे निश्चित.

1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज आत होते. वेढा सुमारे चार महिने चालला आणि जुलैच्या त्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभूंचा पराक्रम घराघरांत सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु त्या आधीचे चार महिने गड कशावर तगला? धान्यावर. तलवारीइतकेच श्रेय कोठाराला आहे आणि कोठारातले धान्य मोजून देणाऱ्या अज्ञात कारकुनालाही.

याच वेढ्यात दुसरी एक इमारत आपली भूमिका बजावून गेली. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. व्यापारासाठी उघडलेली वखार युद्धात उतरली होती. महाराजांनी तिचा हिशेब 1661 मध्ये चुकता केला. राजापूरवर स्वारी झाली, वखार लुटली गेली आणि इंग्रजांना कैद करून नेण्यात आले. एका बाजूला रयतेच्या धान्याचे कोठार, दुसऱ्या बाजूला परक्या कंपनीची वखार. साठवणीची इमारत कोणाच्या हाती आहे, यावर तिचे चारित्र्य ठरते. हे महाराजांनी जितक्या लवकर ओळखले, तितक्या लवकर त्या काळच्या फार थोड्या सत्ताधीशांनी ओळखले असेल.

चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा व गवत जपून वापरा, आगट्या व चिलमी यांपासून सावध राहा, जळती वात उंदीर घेऊन जाईल इतपत बारीक विचार करा, आणि साठा संपला म्हणून रयतेला उपद्रव देऊ नका, असा त्याचा आशय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही धान्यगृहाला अग्नी, उंदीर, वाळवी यांपासून जपण्याची आणि दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची ताकीद आढळते.

ही ताकीद किती दूरदृष्टीची होती, ते घाटाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, जगाने पाहिले.

भोर घाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. पुण्याहून रेल्वे 1858 मध्ये खंडाळ्यापर्यंत आली. परंतु खालचा घाट पूर्ण व्हायला 1863 उजाडले. मधली पाच वर्षे खंडाळा ते खोपोली हा टप्पा रेल्वेविना उतरावा लागे. घाटाच्या कामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले. या सगळ्या खटाटोपामागे एक मोठे कारण होते कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, लिव्हरपूलला हिंदुस्थानच्या कापसाची गरज भासली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. मुंबईच्या कोटातील मोकळ्या हिरवळीवर एके काळी कापसाच्या गाठी रचल्या जात. 1844 नंतर तो व्यापार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीकडच्या भरावाच्या जमिनीवर. आजचे कॉटन ग्रीन ते हेच. दाणाबंदर, भात बाजार, दारूखाना, कॉटन ग्रीन ही नावे वाचत गेले तरी मुंबईच्या पोटाचा इतिहास समोर उभा राहतो.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दारू आणि कापूस एकाच जहाजात! दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, 66 अग्निशामक जवान कर्तव्यावर असताना गेले, आणि धान्याची गोदामे भस्मसात झाली, तीही बंगालच्या भीषण दुष्काळानंतर अवघ्या काही महिन्यांनी. जहाजातील सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे गाळातून निघत राहिल्या. जळालेले धान्य कोणाला परत मिळाले नाही. 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो या जवानांच्या स्मरणार्थ.

या सर्व इतिहासाच्या साक्षीदार इमारती आज संकटात आहेत. कापसाचा व्यापार आटला, धान्याचा घाऊक बाजार नवी मुंबईला गेला. शिवडीपासून अटल सेतू 2024 मध्ये सुरू झाला आणि बंदराच्या जमिनींच्या पुनर्विकासाचे आराखडे मांडले गेले. विकास हवाच. परंतु गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही; चिमण्या पडल्या, मनोरे उठले. मुंबईची वारसा नियमावली 1995 ची, देशातील अशा नियमावलींत पहिली. पण वारसा म्हटला की डोळ्यांपुढे घुमट, कमानी आणि पुतळे येतात. बैलगाडीच्या उंचीला जुळणारा ओटा, आग पसरू नये म्हणून मध्ये घातलेली भिंत, छतालगतचे झरोके, लोखंडी दारे या गोष्टींत कोणाला सौंदर्य दिसत नाही. हमाल, मापाडी, मुकादम यांच्या पिढ्या ज्या ओट्यांवर झिजल्या, त्यांचे अन्य स्मारक तरी कोठे आहे?

परदेशाचे दाखले देण्याची आपल्याकडे हौस असते, म्हणून दोनच. हॅम्बुर्गने आपली जुनी गोदामनगरी जपली आणि 2015 मध्ये ती जागतिक वारसा ठरली. आणि आपला कापूस जेथे उतरे, त्या लिव्हरपूलच्या बंदर परिसराला 2004 मध्ये मिळालेला तोच मान 2021 मध्ये काढून घेण्यात आला, कारण नव्या बांधकामांनी त्याचे रूपच पालटत चालले होते.

मावळातही जुन्या पेठांतून, रेल्वे स्थानकांच्या आसपास दगडी जोत्याची, कौलारू छपराची गोदामे अजून आढळतात. काहींत सिमेंटची पोती आहेत, काही कुलूपबंद. त्यांची मोजमापे, छायाचित्रे आणि तेथे काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी नोंदवण्यास सरकारी आदेशाची गरज नाही. शाळेतील मुले एका सुटीत हे काम करू शकतात. मालकाशी भांडण नको. त्याची अडचण खरी असते, जुने छप्पर गळते आणि भाडे नाममात्र येते. त्याला गोदामाचा दुसरा उपयोग सुचवता आला, वाचनालय, व्यायामशाळा किंवा बचत गटाचे भांडार, तर बोलणे पुढे सरकते. येत्या पावसाळ्यापूर्वी कौले शाकारून घेतली, तर निदान आढे कुजणार नाही.