सुयांच्या डब्यातला हिशेब
(संस्थेच्या हस्तकला प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रदर्शनाच्या निमित्ताने मी दोन शब्द बोलावेत अशी मुख्याध्यापकांची आज्ञा झाली. मी इतिहास आणि मराठी शिकविणारा मनुष्य. हस्तकलेशी माझा संबंध एवढाच, की कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तसा मी सुया जमवितो. क्रोशाच्या सुया, लोकर विणण्याच्या सुया, जरीकामाच्या आऱ्या, अंगुस्ताने, टकळ्या, मोडके चरखे. आमच्या घरात या सर्वांना 'सरांचे भंगार' असे नाव आहे, आणि ते नाव पाडणारी व्यक्ती आज समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे.

या छंदाची सुरुवात मी बी.एड.ला असताना पुण्यात झाली. तेथे रविवारी जुना बाजार भरतो. एका गोणपाटावर गंजलेल्या कुलपांच्या ढिगात मला हाडाच्या मुठीची एक बारीक पोलादी आकडी दिसली. विकणारा म्हणाला, "दाताच्या डॉक्टरचं हत्यार आहे, घेऊन टाका." मी काही बोललो नाही. ती क्रोशाची सुई होती, आणि क्रोशाच्या सुईवरच माझे सगळे शिक्षण झालेले आहे. ते कसे, ते सांगतो.

माझी अम्मी टोप्या विणायची. पांढऱ्या सुती दोऱ्याच्या, जाळीच्या, नमाजाच्या टोप्या. दर गुरुवारी व्यापाऱ्याचा माणूस येई, डझनावारी मोजून टोप्या नेई आणि दोऱ्याचे गुंडे देऊन जाई. टोपीवर हळदीचा डाग दिसला तर ती टोपी परत, दोऱ्याचे पैसे कापून. २००४ साली माझी दहावीच्या परीक्षेची फी याच टोप्यांतून भरली गेली. शाळेच्या अर्जात 'आईचा व्यवसाय' असा एक रकाना होता. माझे अक्षर वर्गात सर्वांत चांगले. त्या चांगल्या अक्षरात मी लिहिले, 'घरकाम'.

पोलादी क्रोशाच्या सुईला मध्यावर एक चपटी जागा असते. तेथे अंगठा टेकतो. बहुधा तेथेच सुईचा नंबर ठोकलेला असतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नव्या माणसाला उलटेच वाटते. अम्मीच्या सुईवरचा नंबर मात्र वाचता येत नाही. तो अंगठ्याने झिजून गेला आहे. पोलाद अंगठ्याने झिजते, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

आता टोपी कशी होते ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे, कारण यात भूमिती आहे. प्रथम साखळीचे एक लहान कडे करतात. त्यात समजा बारा खांब घातले. दुसऱ्या फेरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, चौथीत अठ्ठेचाळीस. प्रत्येक फेरीला बाराच वाढवायचे. म्हणजे चकती सपाट राहते. का? त्रिज्या सारखी-सारखी वाढली की परीघही सारखाच वाढतो. गणिताच्या बाई आज येथे आहेत, त्या मान हलवीत आहेत, म्हणजे माझे चुकले नसावे. मग डोक्याच्या मापाची चकती झाली की वाढविणे थांबवायचे, की कड आपोआप खाली वळते आणि टोपीची भिंत उभी राहते. वाढ कमी पडली तर वाटी होते. वाढ जास्त झाली तर झालर पडते. अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. तिने पायचे चिन्ह कधी काढले नसेल, पण चकतीला पन्हाळ पडली की कोणत्या फेरीत दोन खांब कमी पडले ते ती बोट ठेवून सांगे.

त्या झालरीची एक गोष्ट आहे. ज्या पृष्ठभागावर एका बिंदूतून एकाच रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात, अशा पृष्ठभागाची भूमिती गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. पण तो पृष्ठभाग हातात धरता येईना. कागदाचे नमुने करीत, ते फाटत. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी तो क्रोशाने विणला. दर ठराविक टाक्यांमागे एक टाका वाढवीत गेल्या, बस्स. जी झालर आमच्या घरी चूक म्हणून उसवली जाई, ती विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या हातात गेली.

हत्यारे जमवू लागलो तसा त्यांचा इतिहास वाचावा लागला. दोन सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये मिळाले आहेत, आणि ते मुस्लिम राजवटींच्या काळातले आहेत. निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे, त्यांवर अरबी अक्षरांच्या वळणाची नक्षी. स्पेनमधील बुर्गोस शहराच्या मठात १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणलेली उशी सापडली. तिच्या कडेला कूफी अक्षरांत 'बरकत' असा शब्द विणलेला आहे. राजपुत्र ख्रिस्ती, उशी विणणारे हात मुस्लिम कारागिरांचे असावेत असे अभ्यासक मानतात. राजपुत्राचे नाव फर्नांदो, ते पुस्तकात आहे. विणणाऱ्याचे नाही.

साध्या शिवणाच्या सुईचेही तसेच. इंग्लंडमधील रेडिच हे गाव एकोणिसाव्या शतकात जगभर सुया पुरवीत असे. तारेचा तुकडा सुई होईपर्यंत अनेक हातांतून जाई. टोक काढणारा मजूर दगडाच्या चाकावर सुया घासे, आणि दगड-पोलादाची धूळ त्याच्या फुप्फुसात बसे. त्या कामाला मजुरी चांगली असे, आयुष्य मात्र थोडे. आज तेथे सुयांचे संग्रहालय आहे. माझ्या डब्यातली इंग्रजी सुयांची जुनी पुडी मी उघडतो तेव्हा त्या माणसांची आठवण होते.

आता जत्रांविषयी. आपल्याकडे पंढरपूरला घोंगड्यांची दुकाने लागतात. चिंचोक्याच्या खळीचा वास आला की घोंगडे नवे आहे हे समजावे. परदेशांत मात्र लोकर आणि सूत एवढ्याच विषयाच्या स्वतंत्र जत्रा भरतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १९७४ पासून मे महिन्यात अशी जत्रा भरते. तेथे मेंढ्या असतात, रंगविलेल्या लोकरीच्या लडी असतात, जुन्या चात्या-चरख्यांचे सौदे होतात, आणि एक मौजेची स्पर्धा असते. मेंढीची लोकर कातरायची, कातायची, मागावर घालायची आणि काही तासांत शाल पुरी करायची. न्यूयॉर्क राज्यात ऱ्हाइनबेक येथे ऑक्टोबरात जत्रा असते. तिला जाणारे कित्येक लोक त्यासाठीच वर्षभर नवा स्वेटर विणतात आणि तो घालून मिरवितात, आपण ईदेला नवे कपडे घालतो तसे. मी यांपैकी कोठेही गेलेलो नाही. वाचून आणि चित्रे पाहून माझी जत्रा होते. पण हाताने केलेल्या वस्तूकडे हजारो माणसे तिकीट काढून पाहावयास येतात, हे वाचताना मला बरे वाटते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथेही २०१० पासून लोकरीचा सप्ताह साजरा होतो. तेथील बायका कमरेला एक चामडी पट्टा बांधून विणीत. पट्ट्याला घोड्याच्या केसांनी भरलेली, भोके पाडलेली एक गादी असते. सुईचे टोक त्या भोकात रोवले की हाताचा भार हलका होतो आणि चालता-चालता विणता येते. पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन त्या वाटेने विणीत जात. तशी जुनी छायाचित्रे आहेत. चित्र दाखवून मी गावातल्या एका चर्मकार मित्राकडून तसा पट्टा करून घेतला. घोड्याच्या केसांऐवजी काथ्या भरला आहे. तो बाहेर टेबलावर आहे.

हा पट्टा पाहून 'काय युक्ती आहे!' असे वाटते. मलाही वाटले. पुढे वाचले, की त्या बायकांना शालींचे रोख पैसे मिळत नसत. व्यापारी मोबदल्यात चहा आणि कापड देई. पीठ हवे असेल तर तोच चहा दुसऱ्याला देऊन पीठ आणावे लागे. १८७२ साली सरकारी चौकशी झाली, बायकांच्या जबान्या झाल्या, त्या छापल्या गेल्या. म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. चौकशी झाली नसती तर पट्टा तेवढा उरला असता.

हे फार दूरचे वाटत असेल तर आंध्रमधील नरसापूर घ्या. तेथे हजारो बायका क्रोशाची लेस विणतात. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. मारिया मीस या जर्मन विदुषींनी तेथल्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली निघाले. लेस परदेशी जात होती, तिच्यावर व्यापार उभा होता, आणि विणणारीला सगळे गृहिणी समजत होते. लेस म्हणजे तिचे रिकाम्या वेळचे काम. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि मला माझे चांगले अक्षर आठवले.

मी असे म्हणत नाही की अम्मीला विणण्यात आनंद नव्हता. होता. व्यापाऱ्याला सगळ्या टोप्या एका छापाच्या लागत. एकदा तिने स्वतःच्या मनाने मधोमध आठ पाकळ्यांचा तारा काढला. माणसाने टोपी परत दिली. ती मी ईदेला घातली, आणि अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे डोके वाकवून दाखवीत होती. जत्रेतल्या बाई आणि अम्मी यांच्यात मला एकच फरक दिसतो. त्या बाईंचे डोळे दुखले तर त्या सुई खाली ठेवू शकतात.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नववीतील एक मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली, म्हणून मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील म्हणाले, "सर, घरातच असते. काम काही करत नाही, बसल्या-बसल्या दोन पैसे मिळतात." आत ओढण्यांचा ढीग होता आणि मुलगी खडे लावीत होती. ते गृहस्थ वाईट नाहीत. सभागृहात असतील तर त्यांनी राग मानू नये. मी मुलीला शंभर पानी वही दिली आणि म्हटले, रोज किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस, किती मिळाले, एवढेच लिही. तीन आठवड्यांनी वडिलांनी स्वतः वही वाचली. तासाची मजुरी काढली, पुन्हा काढली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हल्ली ती आठवड्यातून चार दिवस शाळेत येते. दोन दिवस अजून येत नाही. पालकांनो, मुलीच्या हातात कसब आहे याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. त्या कसबाचे कारण पुढे करून तिचे दप्तर काढून घेऊ नका. आणि मुलांनो, विणण्याला हसू नका. आरीवर बसणारे बहुतेक कारागीर पुरुषच असतात.

मी वर्गशिक्षक म्हणून अर्ज भरून घेतो तेव्हा 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशी आता थांबतो. 'घरकाम' लिहिले असेल तर विचारतो, आणखी काय करतात? फॉल-बिडिंग, पापड, टोप्या, खडे, शिकवण्या. रकाना अरुंद आहे, कार्यालयातले आमचे बंधू त्याबद्दल कुरकुरतात. त्यांची क्षमा मागतो.

माझे बोलणे लांबले. बाहेर पहिल्या टेबलावर माझा डबा उघडा ठेवला आहे. अम्मीची सुई त्यातच आहे, नंबर नसलेली. हात लावून पाहा, दोरा ठेवला आहे, चार टाके घालून पाहा. मुले-मुली दोघांनीही. फक्त सुया मोजून ठेवल्या आहेत, तेवढे लक्षात असू द्या.