आपलंच शरीर आपल्यावर उलटतं तेव्हा

(मालवण येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आमवाताने बोटं वाकलेली बाई आपण प्रत्येकीने पाहिली आहे. पहाटे तिला मूठ वळता येत नाही, घागर उचलवत नाही. तास-दीड तासाने हात जरा सैल होतात, मग ती मासळीची पाटी घेऊन बाजारात जाते. घरचे म्हणतात, हिचे हात बरे घरकामालाच दुखतात! देवाला गाऱ्हाणं घालून होतं, तेल चोळून होतं. डॉक्टर सगळ्यात शेवटी.

हे ढोंग नव्हे. १९९६ साली पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. हजार प्रौढांमागे सुमारे ५ जणांना आमवात निघाला. या आजारात पुरुषांच्या दोन-तीन पट बायका असतात. ल्यूपसमध्ये तर १० पैकी ९ बायकाच.

यात बरेचदा दोष असतो तो प्रतिपिंडांचा. प्रतिपिंड म्हणजे बेचकीच्या आकाराचं प्रथिन. दोन टोकांनी ते रोगजंतूला धरतं, दांड्याने बाकीच्या पेशींना हाक मारतं. काहींच्या शरीरात ते आपल्याच अवयवांना धरू लागतं. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडं बिघडतात, मायस्थेनियात पापण्या उघड्या राहत नाहीत. एका प्रकारच्या प्रतिपिंडांनी रक्तात गुठळ्या होतात, वारेचं काम बिघडतं आणि गर्भ पुन्हा पुन्हा पडतो. अशा बाईची साधी रक्ततपासणी न करता 'पांढऱ्या पायाची' म्हणून तिला माहेरी धाडणारे आपल्याच गावात आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देऊन यातल्या अनेकींची बाळंतपणं नीट होतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता नव्या शोधाबद्दल. घसा धरवणारा, लहानपणी सांधे सुजवून पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा स्ट्रेप्टोकोकस जंतू स्वतःच्या बचावासाठी एक विकर सोडतो. बेचकीचा दांडा जिथे फुटतो, नेमकं तिथेच ते प्रतिपिंडाचे तुकडे करतं, विळीवर बांगडा चिरावा तसे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली हे प्रसिद्ध केलं. त्यापासून झालेल्या इम्लिफिडेझ या औषधाला युरोपात २०२० साली मूत्रपिंडरोपणासाठी सशर्त परवानगी मिळाली. मूत्रपिंडावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांच्या एका दुर्मीळ आजारात १५ रुग्णांना ते देऊन पाहिलं. सहा महिन्यांनी त्यांतल्या १० जणांना डायलिसिस लागत नव्हतं. एवढ्याशा संख्येवरून निवाडा करू नये, पण आशा वाटावी असं हे आहे.

अडचणीही आहेत. विकर काही तासांत आपलं काम करतं, पण चांगली-वाईट प्रतिपिंडं सारखीच चिरतं. आठ-पंधरा दिवसांत शरीर ती पुन्हा तयार करतं, कारण ती बनवणाऱ्या पेशी जागच्या जागी असतात. शिवाय हा जंतू बहुतेकांच्या घशात कधी ना कधी येऊन गेलेला. शरीर त्याच्या विकराला ओळखतं, म्हणून औषध लगेच पुन्हा देता येत नाही. म्हणूनच शरीराला ओळखू येणार नाही असं बदललेलं विकर घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आणि किंमत? ब्रिटनमध्ये एका कुपीची छापील किंमत १ लाख ३५ हजार पौंड, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर! जंतू सगळ्यांच्या घशातला, औषध मात्र कोणाच्या हाताला लागणार, हे आपणच विचारायला हवं. नव्या औषधांच्या बहुतेक चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळतात, तेही विचारायला हवं.

तोवर आमवातावर मेथोट्रेक्सेटसारखं स्वस्त औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. दिवस जाण्याआधी ते डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं. सकाळी तासाहून अधिक वेळ ज्यांची बोटं आखडतात, त्यांनी चहानंतर माझ्यापाशी यावं. जुने रिपोर्ट चुलीत गेले नसतील तर तेही आणा.